दवण्यातला जर्दाळू

पहाटे साडेपाच

टाकीखालचा जाळ मध्यरात्रीपासून चालू आहे. कोरेगाव तालुक्यातलं हे शिवार. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला आलं काढून मोकळी झालेली जमीन आणि विहिरीजवळ अण्णांचे दवण्याचे वाफे. टाकी त्यांनी मुळात जिरेनियमचं तेल काढायला बसवली. जिरेनियमच्या दोन कापण्यांच्या मधे ती रिकामी असते, म्हणून फाल्गुनाच्या अखेरीस ती मला दवण्यासाठी मिळते. कापणी परवा झाली. बारीक पिवळे गोंडे पुरते उमलल्यावरच दवणा कापायचा आणि पाला सावलीत पसरून थोडा सुकू द्यायचा. ओला गच्च पाला टाकीत भरला तर निम्मा जाळ नुसता त्यातलं पाणी तापवण्यात जातो.

"ताई, आता बघा वास. रात्री असा नव्हता," वहिनी म्हणतात.

खरं आहे. वाफ थंड होऊन नळीतून थेंब पडायला लागतात तेव्हा आधी हिरवा, चुरडलेल्या पानाचा, जरा कापराकडे झुकणारा वास येतो. हलकी द्रव्यं आधी निघतात. दवण्याचा खरा जीव ज्यात आहे ते दवनोन जड असतं, ते मागाहून, सावकाश येतं. आणि ते यायला लागलं की शिवारातला वास पालटतो. सुकलेलं फळ, मनुका, जुना गूळ, त्यामागे किंचित मद्यासारखी उब. सराईत नाक लगेच म्हणेल, जर्दाळू. जाळ लवकर काढला तर हे फळ टाकीतच राहतं आणि तेल नुसतं पाल्याचं होतं. म्हणून रात्री उठून लाकडं सारणाऱ्या वहिनींना मी या तेलातली निम्मी कारागीर मानते.

मला जर्दाळूच हवा आहे. मिरज रस्त्यावरच्या एका अगरबत्तीवाल्यांना नव्या काडीसाठी हा वास हवा आहे. गुलाब, मोगरा, चंदन, केवडा करून झाले, आता गिऱ्हाईक फळांचे वास मागतं. त्यांनी तयार मालाचे नमुने मागवले होते. ते सगळे शाम्पूच्या वासाचे निघाले, तेव्हा ते माझ्याकडे आले.

सकाळी सात

तेल पाण्यावर तरंगतं, पण वेगळं व्हायला वेळ घेतं. काचेच्या भांड्यात वरचा थर हळूहळू दाट होत जातो. रंग तपकिरी, हिरवट झाक असलेला, आणि धार मधापेक्षा थोडी पातळ. शंभर किलो पाल्यामागे तेलाचा हिशोब ग्रॅममध्ये करायचा असतो. पूर्ण हेक्टरभर दवणा लावला तरी तेल दहा-बारा किलोच्या आसपासच मिळतं. शेतातून आलेल्या पाल्याचे भारे आणि हाती येणारी बाटली यांची तुलना करू लागलं की नवखा माणूस खचतो. पण हे तेल वापरायचंही थेंबांनीच असतं.

जर्दाळूच्या फळातून मात्र थेंबही निघत नाही. हे अनेकांना खरं वाटत नाही. गुलाबाचं अत्तर गुलाबातून येतं, खसाचं खसाच्या मुळ्यांतून, मग जर्दाळूचं जर्दाळूतून का नाही? फळाचा बहुतेक भाग पाणी आणि साखर. सुगंधी द्रव्यं त्यात इतकी विरळ असतात, की ती काढायला ऊर्ध्वपातन केलं तर फळ शिजून मुरंबा होतो आणि हातात काही लागत नाही. बियांच्या गरातून तेल निघतं, पण ते खाण्याच्या तेलासारखं स्निग्ध आणि जवळपास बिनवासाचं. कडू बियांत बेंझाल्डिहाइड तयार होतं, ज्याला आपण कडू बदामाचा वास म्हणतो. बाजारात कडू बदामाचं तेल म्हणून जे विकतात ते पुष्कळदा जर्दाळूच्याच बियांचं असतं, त्यातलं विषारी हायड्रोसायनिक आम्ल काढून टाकलेलं. म्हणजे फळाची बी वास देते, पण तो बीचा. गराचा वास माणसाने बाहेरून जुळवायचा असतो. जगातल्या प्रत्येक अत्तरातला जर्दाळू असा जुळवलेलाच आहे.

आणि त्या जुळवणीत फळाचा सुकलेला, किंचित आंबूस, कातड्यासारखा भाग निसर्गातून आणायचा झाला तर अत्तरकारापुढे प्रामुख्याने दोन वाटा असतात. एक चीनमधून येणाऱ्या ऑस्मॅन्थसच्या फुलांचा अर्क, फार महाग. हे झाड हिमालयातही होतं, कुमाऊंत त्याला सिलंग म्हणतात. दुसरी वाट दवणा. तो दक्षिण भारताचा आणि आपला. परदेशी कंपन्या दवण्याचं तेल भारतातून नेतात आणि त्यांच्या फळांच्या वासांत घालतात. आपण मात्र तो देवाला वाहतो, गजऱ्यात मरव्याबरोबर गुंफतो, आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्यात टाकतो. देवाला वाहण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ज्या पाल्याचा वास आपल्या आज्यांनी ओळखला त्याचं पुढे काय करता येईल हे आपण पाहिलं नाही.

अण्णांनी बाटलीचं तोंड मेण लावून बंद केलं. ताजं तेल थोडं कच्चं लागतं, ते काही आठवडे अंधारात मुरावं लागतं. आजच्या कामाला मागच्या वर्षीचं मुरलेलं तेल आहे. हे पुढच्या वर्षासाठी.

सकाळी साडेआठ

हमरस्ता. सातारा मागे पडलं. वाटेत एका टेम्पोत लांबच लांब बांबू आडवा बांधलेला दिसला, पुढे लाल फडकं. चैत्र पौर्णिमा जवळ आली की या भागात सासनकाठ्यांची तयारी सुरू होते. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाचा डोंगर कोल्हापूर जिल्ह्यात, पण यात्रेतली मानाची पहिली काठी सातारा तालुक्यातल्या निनाम पाडळीची आणि दुसरी पाटण तालुक्यातल्या विह्याची. सांगलीकडच्या गावांच्याही काठ्या मानाने डोंगर चढतात. गुलाल, खोबरं आणि दवणा यांची उधळण होते. चांगभलंचा गजर चालू असताना हजारो माणसांच्या पायाखाली दवणा चुरडला जातो आणि त्या उन्हात डोंगरावर जो वास उठतो तो प्रयोगशाळेत जुळवता येत नाही. मी दरवेळी त्यातला फळाचा भाग शोधते. गुलालाच्या धुळीत, घामात, नारळाच्या तेलकट वासातही तो लागतो.

धर्मशास्त्राच्या ग्रंथांत दवणा 'दमनक' नावाने येतो आणि चैत्र शुद्धातल्या वेगवेगळ्या तिथींना वेगवेगळ्या देवतांना तो वाहायचा असं विधान आहे. पिकाचा आणि पंचांगाचा मेळ अचूक आहे. थंडीत रुजवलेला दवणा साडेतीन-चार महिन्यांत, फाल्गुन-चैत्रात, भर फुलोऱ्यात येतो.

कऱ्हाडला चहा. कृष्णा-कोयनेच्या संगमावर थांबायला वेळ नाही. पेठ नाक्याला डावीकडे वळून आष्ट्यामार्गे सांगली.

सकाळी अकरा

सांगलीत शिरताना आधी नाकाला हळद भेटते. मार्च महिना, मार्केट यार्डात नवी हळद येते आणि वाऱ्याची दिशा तशी असली तर माझ्या खोलीपर्यंत तिचा मातकट, उग्र गोडवा पोचतो. वास जुळवणाऱ्याला हे गाव सोपं नाही. म्हणून खोलीच्या खिडक्या उत्तरेला आहेत आणि सकाळी हळदीची आवक असते तेव्हा त्या बंद ठेवते. हात बिनवासाच्या साबणाने धुवायचे. डोक्याला तेल नाही, गजरा नाही, कामाच्या दिवशी स्वयंपाकघरात फोडणीला उभं राहायचं नाही.

तराजू मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा. बाटल्या ओळीने लावल्या. आज जुळवायच्या जर्दाळूचं मूळ शरीर दोन लॅक्टोनांचं आहे. गॅमा-डेकालॅक्टोन खऱ्या जर्दाळूतही असतं, पीचमध्येही, स्ट्रॉबेरीतही. मलईदार, गरगरीत, पिकलेल्या फळाचा वास. दुसरं गॅमा-अनडेकालॅक्टोन, ज्याला बाजारात सी-चौदा म्हणून मागतात, त्याच्यात पीच जास्त. याच द्रव्याने १९१९ साली पॅरिसच्या जाक गेर्लांने 'मित्सुको' या अत्तरात पीचची साल आणली आणि फळाचा वास भारी अत्तरात बसू शकतो हे जगाला पटलं.

ही दोन्ही द्रव्यं कशापासून तयार होतात हे सांगितलं की माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली चकित होतात. एरंडेलापासून. एरंडेलातलं रिसिनोलिक आम्ल एका जातीच्या यीस्टला खाऊ घातलं की ते त्याचं गॅमा-डेकालॅक्टोन करून देतं. एरंडेल तापवून तोडलं की अनडेसिलेनिक आम्ल मिळतं आणि त्यापासून दुसरं लॅक्टोन करता येतं. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते, त्यातली बहुतेक गुजरातेत. लहानपणी नाक दाबून प्यायलेलं ते औषध आणि हा फळाचा गर, दोन्ही एकाच बीचे.

तिसरं द्रव्य बीटा-आयोनोन. टीमान आणि क्रूगर या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ साली आयोनोन प्रथम बनवलं. त्यासाठी लागतं सिट्राल, आणि ते गवती चहाच्या जातीच्या गवताच्या तेलात भरपूर असतं. केरळातून हे तेल कितीतरी वर्षं युरोपात जात राहिलं. आयोनोनमुळे फळाला फुलाची, जरा पावडरी कड येते, लॅक्टोनचा चिकटपणा कमी होतो. त्याची एक खोड आहे. ते नाकाला थकवतं. हुंगलं की दिसतं, पुन्हा हुंगलं की नाहीसं होतं, आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतं. त्यामुळे ज्याला घाई आहे तो ते जास्त ओततो.

मग लिनालूल, हलकेपणासाठी. बेंझाल्डिहाइड हजारात दोन भाग, त्याहून जास्त नाही, नाहीतर फळाऐवजी नुसती बी लागते. आंबट टोकासाठी थोडं एस्टर. आणि सगळ्यांच्या शेवटी दवणा. हजार भागांत आठपासून सुरुवात केली.

दुपारी बारा

दोन कागदी पट्ट्या बुडवल्या. एकीवर दवण्याशिवायचं मिश्रण, दुसरीवर दवण्यासहित. दोन्हींवर पेन्सिलीने वेळ लिहिली. यापुढचा दिवस या पट्ट्यांचा आहे, मी फक्त अधूनमधून हजेरी लावायची.

पहिल्या पाच मिनिटांत बिनदवण्याची पट्टी जिंकते. तेजस्वी, गोड, कोणालाही लगेच आवडेल अशी. दवण्याची पट्टी जरा अडखळते, तिच्यात पानाचा हिरवट खर येतो आणि मदतीला असलेली मुलगी म्हणते, "ताई, हिच्यात औषध पडलंय का?"

"थांब," एवढंच सांगितलं. वासाबद्दल पहिल्या पाच मिनिटांत मत देऊ नये हे तिला शिकवायला आजचा दिवस चांगला आहे.

दुपारी एक

दहीभात. लोणचं नाही, कांदा नाही.

दुपारी दोन

नाकाला विश्रांती. या तासात मी वाचते. टेबलावर बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने १९८९ मध्ये छापलेला ग्रंथ आहे. गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात लेखकाचा 'गंधवाद', दोन्ही सुगंधशास्त्रावरचे. मला त्यातलं दुसरं पुस्तक जवळचं, कारण त्यावर जुन्या मराठीत टीका आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी या हस्तलिखिताकडे विद्वानांचं लक्ष वेधलं आणि भारतीय सुगंधविद्येच्या इतिहासावर लेखांमागून लेख लिहिले. कोणीतरी मराठी माणूस काही शतकांपूर्वी संस्कृतातली सुगंधाची कृती आपल्या भाषेत समजावून सांगत होता. ज्याला ती करायची होती त्याला संस्कृत येत नसणार, पण हाताला काम येत असणार. हे मला फार मोलाचं वाटतं. अत्तर म्हटलं की आपण कनौजकडे नाहीतर फ्रान्सकडे पाहतो. आपल्या भाषेत या कामाचं शास्त्र लिहिलं गेलं, हे महाराष्ट्रातल्या किती रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे?

'गंधसारा'त सुगंधाच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत. भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. द्रव्याला पूट देणं, शिजवणं, त्याचा सुप्त वास जागा करणं, त्यात दुसरा तीक्ष्ण वास भिनवणं, धुरी देणं, फुलांच्या सहवासात ठेवणं. माझ्या खोलीत आज वजनकाटा विजेचा आहे, द्रव्यं कारखान्यातून आलेली आहेत, पण क्रम पुष्कळसा तोच. हजारात आठ भाग दवणा घालून सगळ्या मिश्रणाची दिशा फिरवणं हे त्या चौथ्या क्रियेचंच काम आहे.

अडीच वाजता पट्ट्या पाहिल्या. बिनदवण्याची आता सपाट झाली आहे. वरचं तेज उडालं, लॅक्टोन एकटं उरलं. दुधाळ, लोणकट, शाम्पू. नेमका तोच वास, ज्याला कंटाळून अगरबत्तीवाले माझ्याकडे आले. दवण्याच्या पट्टीत हिरवा खर नाहीसा झाला आहे आणि सालीसकट सुकलेलं फळ उभं राहिलं आहे. मुलीच्या हातात दिली. तिने डोळे मिटून हुंगली आणि म्हणाली, "आमच्याकडे दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा येतो, त्याच्या तळाशी असा वास असतो."

तिच्या या वाक्याची मी वहीत नोंद केली. वासाचं वर्णन करायला रसायनाचं नाव पुरत नाही, असं डब्याच्या तळापर्यंत जावं लागतं.

दुपारी साडेतीन

जर्दाळू विकत आणायला बेदाण्याच्या एका व्यापाऱ्यांकडे गेले. सांगली-तासगाव हे बेदाण्याचं घर, आणि सध्या हंगाम भरात आहे. शेडमध्ये जाळ्यांच्या ताटांवर द्राक्षं सुकताहेत, यार्डात सौदे चालू आहेत. व्यापारी सुका मेवाही ठेवतात. माझ्यापुढे त्यांनी दोन प्रकारचे जर्दाळू ठेवले. एक केशरी, मऊ, बिया काढलेले, तुर्कस्तानातून आलेले. तिथल्या मालात्या प्रांतात जगातला मोठा वाटा पिकतो. दुसरे तपकिरी, सुरकुतलेले, बीसकट, आपल्याकडे लहान मुलं ज्यांची बी दगडाने फोडून आतला गर खातात ते.

"केशरीला गंधकाची धुरी," ते म्हणाले. "आमच्या पिवळ्या बेदाण्यालाही तीच. रंग टिकतो."

हे त्यांना मला समजावून सांगावं लागत नव्हतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायला आवडलं. सांगलीत गंधकाच्या धुरीचं ज्ञान शाळेतल्या मुलालाही असतं. धुरीने साल काळवंडत नाही, फळ उजळ राहतं, पण वासही उजळ आणि थोडा आम्ल राहतो. धुरी न दिलेल्या फळात साखर जळल्यासारखी, मधाची, खजुराकडे जाणारी खोली येते. अगरबत्तीवाल्यांना नेमका कोणता जर्दाळू हवा आहे? त्यांनी नुसतं 'जर्दाळू' म्हटलं होतं. मी दोन्ही हुंगले, पुन्हा पुन्हा हुंगले. दवणा तपकिरी फळाच्या बाजूचा आहे, यात मला आता शंका नाही. केशरी फळ हवं तर लॅक्टोन आणि आंबट एस्टर वाढवून, दवणा कमी करून जावं लागेल. माझा कौल तपकिरीला. आपल्या घरांतला जर्दाळू तो आहे. डिंकाच्या लाडवांच्या शेजारी, थंडीत, रात्री भिजत घातलेला.

पाव किलो तपकिरी घेतले. पैसे देताना त्यांनी मूठभर हिरवा बेदाणा कागदात बांधून दिला.

संध्याकाळी पाच

अगरबत्तीच्या कारखान्यात. इथे पट्टीचा न्याय चालत नाही, इथे आगीचा चालतो. बाटलीत सुंदर वाटणारी कितीतरी मिश्रणं काडीवर जळताना केविलवाणी होतात. हलकी द्रव्यं निखारा पोचायच्या आधीच उडतात, काही जळून कडू होतात, आणि कोळसा, भुसा, जिगट यांचा स्वतःचा धूर असतोच. कोऱ्या काड्यांचा जुडगा पातळ केलेल्या मिश्रणात बुडवला, निथळला. खरं तर काड्या दोन दिवस सुकायला हव्यात. आजच्या अंदाजासाठी मी आधी बुडवून ठेवलेल्या, सकाळच्याच प्रमाणाच्या जवळ जाणाऱ्या काड्या आणल्या होत्या.

बंद खोलीत काडी लावली. आपण बाहेर. दहा मिनिटांनी आत.

लॅक्टोन जड असतात, धुरातही टिकतात, म्हणून गर आला. बेंझाल्डिहाइडचा मागमूस नाही. ते अपेक्षितच होतं. दवणा मात्र धुरात असा वागला की मी दार उघडून पुन्हा आत गेले. फळ मागे सरकलं, आणि पुढे आला तो यात्रेचा वास. देवळाचा. कारखान्याचे मालकही मागोमाग आत आले. त्यांचं गाव शिराळ्याकडचं, घराण्यात जोतिबा.

"हे दवणा आहे," ते म्हणाले. "मी जर्दाळू मागितला होता, ताई."

"दोन्ही आहे," मी म्हटलं.

ते बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "याला मुंबई-पुण्यात जर्दाळू म्हणून विकता येईल. आमच्या भागात दवणा म्हणून. पण मला त्यातलं फळ थोडं जास्त पाहिजे. देव्हाऱ्यात लावणाऱ्याला दवणा कळतोच, तो वेगळा सांगायला नको."

हे बोलणं बरोबर होतं. धुरात दवणा जेवढा वाढतो त्या हिशोबाने पट्टीवर तो कमी ठेवायला हवा. काडीसाठी आणि अत्तरासाठी दोन वेगळी प्रमाणं करायची, असं ठरलं. त्यांनी नावही सुचवलं, पण ते पक्कं होईपर्यंत इथे लिहीत नाही.

संध्याकाळी सात

मिरज. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या बाजूला अत्तराची दुकानं आहेत. त्यातल्या एका चाचांकडे मी माझं प्रत्येक नवं मिश्रण घेऊन जाते. मजमुआ, हिना, शमामा, खस यांच्या कुप्या रांगेने, कापसाचे बोळे, आणि आलेल्या प्रत्येकाच्या मनगटाच्या मागच्या बाजूला काचेची काडी टेकवायची त्यांची पद्धत. कागदावर ते विश्वास ठेवत नाहीत.

"कागदाला अंग नसतं, बेटी."

दवण्याच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. जगभरचे अत्तरकार सांगतात, की दवणा प्रत्येकाच्या त्वचेवर निराळा फुलतो. चाचांच्या मनगटावर माझा जर्दाळू तंबाखू आणि मधाकडे गेला. माझ्या मनगटावर तो आंबट, सालीचा राहिला. दुकानात आलेल्या एका तरुण गिऱ्हाइकाने हात पुढे केला, त्याच्याकडे तर तो चक्क पिकल्या केळ्याकडे झुकला. तिघंही एकमेकांचे हात हुंगत उभे. चाचांनी निकाल दिला, "यात थोडी चंदनाची बैठक द्या. फळ हवेत लटकतंय."

जुन्या अत्तरांत चंदनाचं तेल पायाला असायचं, आता ते परवडत नाही. बैठक द्यायची तर दुसरं काहीतरी शोधावं लागेल. नागरमोथ्याचा विचार मनात आला. तोही आपल्याच शेताच्या बांधावरचा, शेतकरी ज्याला तण म्हणून उपटून टाकतात. त्याच्या गाठींच्या तेलात लाकडाचा आणि मातीचा गंभीर वास आहे. तपकिरी जर्दाळूखाली तो बसेल असं वाटतं.

रात्री दहा

खोलीत परत. बाराच्या पट्ट्यांना दहा तास झाले.

बिनदवण्याची पट्टी: मलई, थोडी पावडर. फळ कोणतं ते सांगता येत नाही.

दवण्याची पट्टी: फळ ओळखू येतं. कड किंचित कडवट. आयोनोन मागे राहून परत वर आलं आहे, म्हणजे दुपारी वाटलं त्यापेक्षा ते जास्त पडलंय.

वहीत लिहिलं. अत्तरासाठी: दवणा हजारात आठच, आयोनोन एक चतुर्थांश कमी, नागरमोथ्याचं तेल पाच भागांनी सुरुवात. काडीसाठी: दवणा पाचावर, गॅमा-डेकालॅक्टोन वाढवायचं, बेंझाल्डिहाइड पूर्ण काढून टाकायचं, कारण ते जळण्यापुरतंही उरत नाही आणि किंमत मात्र लागते.

मग अण्णांना फोन केला. ते जागे होते, टाकीत दुसरा भरणा चढवला होता. म्हटलं, उरलेल्या दोन वाफ्यांपैकी एक आत्ता कापू नका, गोंडे अजून आठवडाभर पक्व होऊ द्या. त्याचं तेल वेगळ्या बाटलीत हवं आहे, किती फरक पडतो ते बघायचंय.

"आणि दुसरा वाफा?" त्यांनी विचारलं.

"तो कापायचा नाही. तुमच्या गावची काठी डोंगरावर जाईल तेव्हा तिच्याबरोबर द्या."

"तो तर तसाच राखलाय," अण्णा म्हणाले, आणि पुढे तेलाचा या वर्षीचा भाव विचारला. आम्ही तो ठरवला, गेल्या वर्षीपेक्षा वाढवून. रात्री जाळ सांभाळण्याची मजुरी वहिनींच्या नावावर वेगळी लिहायची, हेही ठरलं.